मंडळी रोवणं आणि आरंभीचे संत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या जागी मंडळी सुरू करणारे पाळक, सुवार्तिक आणि स्वतःच्या घरी प्रार्थनासभा घेणारी कुटुंबं यांच्याकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पहिल्या सहा-सात शतकांतल्या संतांच्या आयुष्यातून दिली आहेत. सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत आणि काही चार ओळींत आटोपली आहेत.

इतक्या जुन्या माणसांकडून आज काय शिकणार? काळच वेगळा होता.

काळ वेगळा होता, अडचणी मात्र ओळखीच्या आहेत. जागा नाही, घरच्यांचा विरोध, पैशावरून कुजबुज, बाहेरून येणाऱ्या उपदेशकाला किती दिवस ठेवून घ्यायचं यावरून रुसवेफुगवे. पहिल्या तीन शतकांतलं लिखाण वाचलं की हे सगळं भेटतं. त्या मंडळ्यांच्या पाठीशी सरकार नव्हतं आणि बाहेरून येणारा मोठा निधीही नव्हता. तरी काही मंडळ्या टिकल्या, काही विरून गेल्या. टिकल्या त्या कशामुळे, हे आम्हाला या चरित्रांतून बघायचं आहे. त्यासाठी आम्ही एकच कसोटी लावतो: रोवणारा माणूस गेल्यावर, ज्यांनी त्याला पाहिलंही नव्हतं त्यांच्यापर्यंत काय पोचलं?

आम्ही प्रोटेस्टंट आहोत. संतांचं घेऊन बसणं आमच्यात बसतं का?

इथे संतांकडे मध्यस्थी मागायचा विषय नाही. ज्या पुढाऱ्यांनी देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याची अखेर पाहा आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, असं इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायातच म्हटलं आहे. वसईच्या कॅथलिक घरात आणि अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट घरात ही चरित्रं वेगळ्या भावाने वाचली जातील. इथल्या कामापुरता तो फरक आड येत नाही.

संतचरित्रांत चमत्कारांची रेलचेल असते. त्यातलं खरं किती धरायचं?

लिहिणारा कोण आणि कधीचा, ते आधी बघा. आयर्लंडला सुवार्ता नेणाऱ्या पॅट्रिकने स्वतःबद्दल स्वतः लिहिलं. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, तूरचा बिशप मार्टिन याचं चरित्र त्याचा शिष्य सल्पिशियस सेव्हेरसने मार्टिन हयात असतानाच लिहिलं. पोंटसच्या ग्रेगरीचं चरित्र मात्र तो गेल्यावर शंभरेक वर्षांनी दुसऱ्याच एका ग्रेगरीने, निसाच्या बिशपने, लिहिलं, म्हणजे मधल्या काळात लोकांनी आपापल्या परीने भर घातलेली असणार.

आमचा अनुभव असा की चमत्काराच्या गोष्टींच्या आजूबाजूला लेखक जे सहज सांगून जातो ते फार कामाचं असतं. संत कोणाच्या घरी उतरला, दुभाष्या कोण होता, प्रवास पायी होता की घोड्यावर, मागे कोण राहिलं? हे तपशील मुद्दाम रचायचं कोणाला काही कारण नव्हतं.

सुरुवात किती माणसांपासून करावी?

इथे पोंटसच्या ग्रेगरीची गोष्ट सांगायलाच हवी. काळ्या समुद्राच्या दक्षिणेला निओसीझेरिया नावाचं शहर होतं. आज ते तुर्कस्तानातलं निक्सार. तिथल्या बऱ्या घरचा हा मुलगा कायदा शिकायला बेरूतला निघाला, पण पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात त्याला ओरिजेन नावाचा विद्वान शिक्षक भेटला आणि वकिली राहिली बाजूला. पाचेक वर्षं तो ओरिजेनपाशी शिकला. २४० च्या सुमारास बिशप होऊन आपल्याच गावी परतला तेव्हा शहरात ख्रिस्ती माणसं होती १७. परंपरा सांगते की तो वारला तेव्हा ख्रिस्ती नसलेले १७ उरले होते.

दुसरा आकडा कोणी दारोदार फिरून मोजला असेल असं वाटत नाही. पण सभांमध्ये टाळ्या पडतात त्या नेमक्या त्याच आकड्याला. मधली तीस वर्षं कोणी सांगत नाही, आणि शिकण्यासारखं सगळं त्या तीस वर्षांत आहे.

तो गावात आला तो मुसोनियस नावाच्या गृहस्थाच्या घरी उतरला. लोक तंटे घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. एका तळ्याच्या वाटणीवरून दोन भाऊ हातघाईवर आले होते, तो निवाडाही त्याच्याकडेच आला. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने देवांना बळी द्यायची सक्ती करून ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. मग साथ आली. पुढे गॉथ टोळ्यांच्या धाडी आल्या, आणि त्यात काही ख्रिस्ती लोकांनीच शेजाऱ्यांचा माल लाटला. लुटीत आपलं गेलं म्हणून दुसऱ्याचं सापडलेलं ठेवून घेतलं, असा त्यांचा युक्तिवाद! ग्रेगरीने त्यावर सविस्तर पत्र लिहिलं, ते आजही उपलब्ध आहे. कोणी काय केलं तर प्रायश्चित्त म्हणून त्याला उपासनेत इतरांपासून वेगळं कुठे उभं करायचं आणि चौकशी कशी करायची, असं सगळं त्यात आहे. चमत्कार करणारा म्हणून नावाजलेला माणूस चोरीच्या मालाचे नियम लिहीत बसला होता. मंडळी अशीच उभी राहते, असं आमचं मत.

आता कसोटी लावून पाहू. त्याच गावात मॅक्रिना नावाची बाई होती. ग्रेगरीची वचनं लोकांनी तोंडी जपली होती, ती तिने उचलली. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या छळात ती आणि तिचा नवरा सातेक वर्षं पोंटसच्या डोंगरजंगलात लपून राहिले. पुढे तिने ती वचनं नातवाला शिकवली. नातू म्हणजे पुढे कैसरियाचा बिशप झालेला बेसिल (ही कैसरिया कप्पदुकियातली, आजचं कायसेरी). आजीने आपल्याला ग्रेगरीची वचनं शिकवली असं बेसिलने पत्रात लिहून ठेवलं आहे. तेव्हा सुरुवात १७ जणांची असो की ७ जणांची, त्यांत एखादी मॅक्रिना तयार होते आहे का ते बघा.

मी धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलेलं नाही. मी हे काम करावं का?

पॅट्रिकच्या आत्मकथनाचं पहिलंच वाक्य असं सुरू होतं: मी पॅट्रिक, पापी, अत्यंत अडाणी. वयाच्या १६ व्या वर्षी त्याला ब्रिटनमधून पकडून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून नेलं आणि सहा वर्षं तो जनावरं राखत होता. शिकायचं वय तिथे गेलं. लॅटिन कच्चं राहिल्याची खंत त्याला म्हातारपणीही होती.

दुसरी गोष्ट पुन्हा ग्रेगरीचीच. शेजारच्या कोमाना गावाला बिशप हवा होता. गावातल्या प्रतिष्ठितांनी घराण्याची, बोलकी, वजनदार माणसं पुढे केली. ग्रेगरी म्हणाला, साध्या माणसांतही बघा. त्यावर कोणीतरी टोमणा मारला, मग तो कोळसेवाला अलेक्झांडरच का नाही? ग्रेगरीने खरोखरच त्याला बोलावलं. कोळशाने काळाठिक्कर झालेला, फाटक्या कपड्यातला माणूस सभेत आला आणि लोक हसले. ग्रेगरीने त्याला बाजूला घेऊन विचारपूस केली, अंघोळ घालून कपडे दिले आणि त्यालाच बिशप नेमलं. त्याच्या पहिल्या उपदेशाला अथेन्सहून आलेला एक तरुण त्याच्या गावरान बोलण्यावर हसला म्हणतात. हाच अलेक्झांडर पुढे छळात रक्तसाक्षी झाला, म्हणजे विश्वासासाठी मारला गेला.

पण या गोष्टी सांगून अभ्यासातून सुटका करून घेऊ नका. नेमणारा ग्रेगरी स्वतः पाच वर्षं शिकला होता, आणि पॅट्रिकच्या अडाणी लॅटिनमध्ये पानोपानी शास्त्रवचनं आहेत. पदवी नसेल तर चालेल, वाचन नसेल तर चालणार नाही.

इमारत कधी बांधावी?

लोक विचारतात त्यापेक्षा बऱ्याच उशिरा.

सिरियात युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या छावणीच्या गावात १९३० च्या दशकात एक घर उकरून निघालं. भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेलं साल इसवी सनाच्या २३२-३३ चं येतं. साधं अंगणाचं घर. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांबट दालन केलेलं, जेमतेम १३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, एका टोकाला थोडा उंचवटा. आणखी एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, आणि तिथल्या भिंतींवर चित्रं: उत्तम मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू, बाज उचलून निघालेला पक्षघाती. बाहेरून मात्र ते आळीतल्या इतर घरांसारखंच दिसत असणार. २५६ च्या सुमारास इराणी सैन्याने वेढा घातला, तेव्हा तटबंदी भक्कम करायला रोमन सैन्याने तटालगतची घरं मातीने बुजवली, म्हणून हे टिकलं.

बघण्यासारखं हे की सजावट सभेच्या दालनात नव्हती, बाप्तिस्म्याच्या खोलीत होती. जिथे माणूस बदलतो तिथे त्यांनी रंग खर्च केला.

पैशाचं काय? पाळकाने पगार घ्यावा का?

पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू शिवत होता, आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदतही घेत होता. दोन्ही चालतं.

पहिल्या शतकाच्या शेवटाशेवटाला लिहिलेलं ‘डिडाखे’ नावाचं छोटं पुस्तक आहे, मंडळीच्या व्यवहाराची हातपुस्तिकाच म्हणा ना. फिरत्या उपदेशकाबद्दल त्यात रोखठोक नियम आहेत: पाहुणा एक दिवस राहावा, गरज असेल तर दोन, तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. कोणाला गावातच राहायचं असेल आणि हाताला काम येत असेल, तर त्याने काम करून खावं. इतक्या लवकर असे नियम लिहावे लागले म्हणजे फुकटे पाहुणे किती आले असतील, याचा अंदाज करा. पण गावात स्थिरावलेल्या खऱ्या शिक्षकाला अन्न मिळालंच पाहिजे, असंही तेच पुस्तक म्हणतं.

पॅट्रिक तर फारच काटेकोर. श्रद्धाळू बायका दागिने वेदीवर टाकून जात, ते तो परत करायचा. त्या रागवायच्या तरीही. हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला, त्याबद्दल कोणाकडून अर्धा छदाम घेतला असेन तर सांगा, परत करतो, असं तो लिहितो. मंडळी लहान असताना हिशेब उघडा ठेवायची सवय लागली तरच पुढे राहते.

मदत आणि आमिष यांतली रेषा कुठे?

आपल्या देशात हा प्रश्न टाळता येत नाही. अनेक राज्यांत धर्मांतराबाबत कायदे आहेत, आणि कायदा नसता तरी प्रामाणिकपणाचा प्रश्न उरलाच असता.

आरंभीच्या मंडळीची दोन टोकं एकत्र ठेवून बघा. मदत सर्वांना खुली होती. २५२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये साथ आली, लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून पळत होते. तिथल्या बिशप सिप्रियनने मंडळी गोळा करून सांगितलं की आपल्याच माणसांची सेवा केली तर त्यात विशेष काय? तेव्हा छळ होऊन दोनच वर्षं झाली होती. ज्यांनी पकडून दिलं त्यांच्याच घरात पाणी घेऊन जायचं होतं. ३६९ च्या आसपासच्या दुष्काळात बेसिलने धान्याची कोठारं उघडायला लावली, आणि पुढे कैसरियाच्या वेशीबाहेर आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरू यांच्यासाठी मोठी वसाहतच उभी केली. सम्राट ज्युलियन तर ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक. ३६२ मध्ये त्याने आपल्या एका पुजाऱ्याला कुरकुरत लिहिलं की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणायचा) स्वतःच्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात.

दुसरं टोक असं की मंडळीत शिरणं मात्र अवघड होतं. तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ‘प्रेषितांची परंपरा’ या नियमग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकवण सांगितली आहे. उत्साह दिसला तर मुदत कमी, कारण काळापेक्षा वागणूक बघायची. बाप्तिस्म्याच्या आधी त्या माणसाला आणणाऱ्यांना विचारत: याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटायला गेला का? मदत घेणाऱ्याला बाप्तिस्म्याची घाई नाही, आणि बाप्तिस्मा मागणाऱ्याने आधी दुसऱ्याला मदत करायची. इतकं पाळलं तर आमिषाचा आरोप टिकायला जागाच राहत नाही. ‘महिन्यात इतके बाप्तिस्मे’ असा अहवाल मागणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं, हेही खरं.

गावचा पुढारी आला तर सगळं गाव येईल. आधी त्याच्याकडेच जावं का?

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रियात हा प्रयोग दोनदा झाला, आणि बीड नावाच्या इंग्लिश साधूने लिहिलेल्या इतिहासामुळे आपल्याला दोन्हींचा निकाल वाचता येतो.

पहिल्यांदा पॉलिनस नावाचा बिशप आला. राजा एडविनने ६२७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला आणि लोकांची रीघ लागली. यीव्हरिंग इथे पॉलिनस सलग ३६ दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्लेन नदीत बाप्तिस्मे देत होता. ६३३ मध्ये एडविन लढाईत पडला. पॉलिनस राणीला घेऊन समुद्रमार्गे केंटला गेला आणि सगळं विस्कटलं. मागे राहिला फक्त जेम्स नावाचा मंडळीचा सेवक (डीकन), तो कॅटरिकच्या आसपास शिकवत राहिला. त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नसतं.

दुसऱ्यांदा राजा ऑस्वाल्डने आयोना बेटावरच्या आयरिश मठाकडे माणूस मागितला. पहिला आलेला कडक होता. थोड्याच दिवसांत परत जाऊन म्हणाला, लोक हट्टी, रानटी आहेत, यांना शिकवणं शक्य नाही. बैठकीत एडन नावाचा साधू म्हणाला, तुम्ही त्यांना आधी दूध द्यायला हवं होतं, हळूहळू जड अन्नाकडे न्यायचं. मग ६३५ मध्ये त्यालाच पाठवलं. राजाची मदत त्यानेही घेतली. एडनला इंग्लिश नीट येत नव्हती, ऑस्वाल्ड वनवासात आयरिश शिकलेला, म्हणून राजा दुभाष्या आणि साधू वक्ता असं दृश्य लोकांनी पाहिलं. पण एडन राजवाड्यात राहिला नाही. लिंडिसफार्न बेटावर मठ केला आणि पायी फिरला. पायी फिरणारा वाटेत भेटेल त्याच्याशी बोलू शकतो, घोडेस्वार पुढे निघून जातो. ऑस्विन नावाच्या दुसऱ्या एका राजाने त्याला उमदा घोडा दिला, तो त्याने रस्त्यात भिकाऱ्याला देऊन टाकला.

त्याने १२ इंग्लिश मुलगे शिकवायला घेतले. देणगीच्या पैशातून गुलाम सोडवले आणि त्यांतल्या काहींना शिकवून धर्मगुरू केलं. त्या १२ मुलांतला एक, ईटा, पुढे मठाधिपती आणि बिशप झाला. त्याच्याच मठात कथबर्ट दाखल झाला, उत्तर इंग्लंडचा सगळ्यांत लाडका संत. राजे बदलले, लढाया झाल्या, तरी ही साखळी तुटली नाही. तेव्हा पुढाऱ्याकडे जरूर जा, त्याचा मान ठेवा, पण १२ मुलं कुठे आहेत ते आधी शोधा.

स्थानिक माणसांच्या हाती कारभार कधी द्यायचा?

अक्सूमची गोष्ट यावर विचार करायला लावते. अक्सूम म्हणजे आजच्या इथिओपियाचा उत्तर भाग. टायर शहरातले दोन मुलगे, फ्रुमेंशियस आणि एडेसियस, गुरूबरोबर प्रवासाला निघाले होते. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर जहाजावर हल्ला झाला, सगळे मारले गेले आणि हे दोघे, झाडाखाली धडा वाचत बसलेले, वाचले. राजाच्या पदरी वाढले. फ्रुमेंशियसकडे दरबारचा हिशेब आला, तेव्हा त्याने तिथे येणाऱ्या रोमन व्यापाऱ्यांतले ख्रिस्ती हुडकले आणि त्यांना प्रार्थनेच्या जागा करायला सांगितलं. पुढे तो अलेक्झांड्रियाला जाऊन बिशप अथनेशियसला म्हणाला, तिथे बिशप पाठवा. अथनेशियसने त्यालाच बिशप करून परत पाठवलं. राजा एझानाच्या नाण्यांवर आधी चंद्रकोर आणि बिंब असायचं, नंतर क्रूस आला. इथवर सगळं उत्तम.

पण बिशप अलेक्झांड्रियातून येतो हा पायंडा पडला तो पडलाच. शतकानुशतकं इथिओपियाच्या मंडळीचा प्रमुख इजिप्तहून यायचा. पहिला इथिओपियन प्रमुख १९५१ मध्ये नेमला गेला, आणि स्वतःचा स्वतंत्र सर्वोच्च धर्मप्रमुख (पेट्रिआर्क) मिळायला १९५९ उजाडलं. मंडळी टिकली, यात वाद नाही. तिची भाषा, उपवास, संगीत सगळं तिथलं होतं. किल्ली तेवढी दुसऱ्या देशात राहिली.

आपल्या दाराशीही एक उदाहरण आहे. सहाव्या शतकात कोस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापारी-प्रवाशाने लिहिलं की कल्लियानात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो. बरेच अभ्यासक हे गाव म्हणजे आपलं कल्याण मानतात. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू ठाण्याला उतरले तेव्हाही तिथे नेस्टोरियन, म्हणजे इराणकडच्या मंडळीच्या परंपरेतली, ख्रिस्ती कुटुंबं होती. पुढे धागा सापडत नाही. केवळ बिशप बाहेरून येत होता म्हणून ती मंडळी गेली असं म्हणणं उथळपणाचं होईल. तरी पहिल्या वर्षापासूनच स्थानिक माणसांतून मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, नेमायच्या तयारीला लागा, असा सल्ला देताना आमच्या मनात कल्याण असतं.

उपासना कोणत्या भाषेत घ्यावी? आमच्याकडे मराठी, हिंदी आणि बोली असं सगळंच आहे.

लोक ज्या भाषेत रडतात आणि भांडतात, तीत.

आर्मेनियाचा राजा त्रिदात परंपरेनुसार ३०१ मध्ये ग्रेगरी प्रकाशदात्याच्या हातून ख्रिस्ती झाला. पण पुढची शंभर वर्षं तिथे वाचन ग्रीक आणि सिरियाकमध्ये चाले. कोणीतरी उभं राहून तोंडी अर्थ सांगायचं. मेस्रोप माश्टोत्स हा आधी दरबारात लेखनिक होता, नंतर साधू होऊन खेड्यांत उपदेश करू लागला आणि हे दुखणं त्याच्या लक्षात आलं. ४०५ च्या सुमारास त्याने आर्मेनियनसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली. भाषांतराला सुरुवात केली ती नीतिसूत्रांच्या पहिल्या ओळींपासून. राज्य पुढे अनेकदा बुडालं, लोक परागंदा झाले, लिपी आजही चालू आहे.

मराठीत नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ओवी-अभंगात ख्रिस्त गायला, तो याच वळणाने. बोलीभाषकांच्या पाड्यावर मराठीसुद्धा परकी वाटू शकते, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

मार्टिनने देवळं पाडली. आज ते कसं सांगायचं?

सांगायचं, पण अनुकरणासाठी नाही. तूरचा बिशप मार्टिन गॉलच्या खेड्यांत फिरला आणि तिथली देवस्थानं पाडली, पवित्र वृक्ष तोडला, हे सल्पिशियस कौतुकाने लिहितो. तेव्हा सम्राट ख्रिस्ती होते, सत्तेचा वारा पाठीमागून होता. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला लिहिलं की देवळं पाडू नका, लोकांच्या जुन्या सणांना नवा अर्थ द्या. त्याच पोपने थोडं आधी केंटच्या राजाला नेमकं उलट लिहिलं होतं, म्हणजे विचार बदलायलाही वाव असतो.

मार्टिनकडून घ्यायचं असेल तर ट्रियरचा प्रसंग घ्या. प्रिसिलियन नावाच्या बिशपवर पाखंडाचा आरोप होता. मार्टिनला त्याची मतं पटत नव्हती, तरी सम्राटाने त्याला मारू नये म्हणून तो अडून बसला. मार्टिन तिथून गेल्यावर प्रिसिलियनचा शिरच्छेद झालाच. पण दुसऱ्याच्या श्रद्धेला तलवार लावू नये हे त्या काळात म्हणणारा बिशप विरळा.

विरोध झाला तर पळावं की थांबावं?

दोन्ही केलेले संत आहेत. २५० च्या छळात पोंटसचा ग्रेगरी लोकांना घेऊन डोंगरात गेला. सिप्रियनही लपला, त्यावरून बोलणी खाल्ली, लपून पत्रांतून मंडळी चालवली. २५८ मध्ये वेळ आली तेव्हा थांबला आणि १४ सप्टेंबरला त्याचा शिरच्छेद झाला.

स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या मरणाचा वृत्तांत आम्ही नव्या कामकऱ्यांना मुद्दाम वाचायला देतो. त्यात क्विंटस नावाचा एक फ्रुगियाचा माणूस आहे. तो आपणहून पुढे झाला, इतरांनाही पुढे ढकललं, आणि आखाड्यातली हिंस्र जनावरं पाहिल्यावर कच खाऊन, सरकार सांगत होतं तसा धूप जाळून मोकळा झाला. आपणहून स्वाधीन होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, असं मंडळी तिथेच लिहिते. म्हातारा पॉलिकार्प आधी एका मळ्यावर, मग दुसऱ्या मळ्यावर गेला. शेवटी शिपाई दाराशी आले तेव्हा त्यांना जेवायला वाढायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला.

दबावाखाली मंडळी सोडून गेलेले परत आले तर?

घ्या, पण घाईने नको. २५० च्या छळात कार्थेजमध्ये हजारोंनी सक्तीपुढे वाकून देवांना बळी दिला किंवा दिल्याचा दाखला विकत घेतला होता. काहींचं म्हणणं, ताबडतोब माफ करा. काहींचं, मरेपर्यंत नाही. सिप्रियनने प्रत्येकाची बाजू वेगळी ऐकायचं ठरवलं: छळ सोसून मोडलेला आणि हाक मारल्याबरोबर धावत गेलेला, यांना एकच माप लावलं नाही.

बायकांना कोणती जबाबदारी द्यावी?

हा प्रश्न आमच्याकडे बहुतेक वेळा पुरुषच विचारतात. युरोपातली पौलाची पहिली मंडळी जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाच्या घरी भरली. ११२ च्या सुमारास रोमन राज्यपाल प्लिनीने चौकशीसाठी पकडल्या त्या दोन दासी होत्या, आणि मंडळीत त्यांना सेविका म्हणत असं तो सम्राटाला कळवतो. जॉर्जियाच्या मंडळीचं मूळ निनो या बंदिवान बाईपाशी जातं. दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस तर चिडवायचा की लोकर विंचरणारे, चपला शिवणारे आणि कपडे धुणारे लोक घरात शिरून बायकापोरांना शिकवतात. तो टोमणा होता, पण माहिती बरोबर होती.

मंडळीत दोन तट पडले आहेत. आता काय करावं?

मोठ्या माणसाने स्वतः जावं. ३९७ मध्ये मार्टिन ऐंशीच्या घरात होता. त्यानेच रोवलेल्या कांद या गावच्या मंडळीत धर्मगुरूंमध्ये बेबनाव झाल्याचं कळलं. तब्येत साथ देत नव्हती, तरी तो शिष्यांना घेऊन नदीवाटे तिथे गेला, काही दिवस राहिला आणि समेट घडवून आणला. परत निघायच्या बेतात असताना आजारी पडला आणि तिथेच वारला. त्याचा देह कोणी न्यायचा यावरून मग प्वातिए आणि तूर या दोन गावांच्या लोकांत जुंपली. प्वातिएकर रात्री राखणीला बसले होते, त्यांचा डोळा लागल्यावर तूरकरांनी देह खिडकीतून बाहेर काढला, नावेत घातला आणि नदीतून तूर गाठलं.